माजघरातून म्हणेल

तोआ पायोह, सिंगापूर
१२ जानेवारी २०१४

लले,

वीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे जिवंत आहोत, मी तर जरा जास्तच. अक्षर माझं आहे, चौथी पास बाईचं, तेव्हा हसायचं तेवढं आधी हसून घे आणि मग वाच. फोन केला असता, पण फोनवर मी अक्का बोलतेय म्हटलं की तुझं दूध उतू जायला लागतं. दर वेळी. किती दूध घेता गं तुम्ही मिरजेला?

पत्राचं कारण एक पिक्चर आहे. विश्वासची चैत्राली, माझी नात, अठरा पूर्ण झाली, ती इथल्या पॉलिटेक्निकमध्ये सिनेमाचं शिकते. म्हणजे सिनेमा बघायचा आणि कसा केला ते लिहायचं, त्याला मार्क मिळतात. आपल्या वेळी असं असतं तर मी चौथीत थांबले नसते. विश्वास सकाळी रॅफल्स प्लेसला बँकेत जातो, सूनबाई संजीवनी घरातच कॉम्प्युटरवर मीटिंगा घेते, आणि आम्ही दोघी आजी-नाती कोचावर पाय पसरून पिक्चर बघतो. खाली खाण्याच्या टपऱ्या आहेत, हॉकर सेंटर म्हणतात, तिथून ती मला कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून देते, त्यात मिल्कमेड असतं, डॉक्टरांनी नको म्हटलंय, विश्वासला सांगू नकोस. तू कशाला सांगशील म्हणा, तू त्याच्याशी तरी कुठे बोलतेस.

तर पिक्चर अमेरिकेतला, साठ वर्षांपूर्वीचा. नाव लांबलचक आहे, मला म्हणता येत नाही. एक मोठं हॉटेल, त्याच्या तळघरात एक पोरगी चादरींना इस्त्री करते आणि करता करता गाते. वर मालकाच्या मुलाला तो आवाज पाण्याच्या नळातून ऐकू येतो आणि तो वेडा होतो. आवाज कोणाचा हे शोधायला हॉटेलातल्या प्रत्येक बाईला गायला लावतो. आचारीण गाते, एक म्हातारी गिऱ्हाईक गाते, शेवटी पकडायला आलेला पोलीसही गातो. मी इतकी हसले की संजीवनी मीटिंग सोडून बघायला आली, सासूबाईंना ठसका लागला की काय. आणि मग गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमधून ती दोघं नाचतात. लले, काय नाचतात! पाय जमिनीला लागतात ते नुसतं विचारपूस केल्यासारखे.

चैत्राली मधे मधे थांबवून सांगते. त्या चादरी पांढऱ्या नव्हत्याच, फिकट निळ्यात बुडवून काढलेल्या, कारण त्या रंगीत कॅमेऱ्याला पांढरा सोसायचा नाही. दिवे असे की तोंडाचा रंग ओघळायचा. तो एक नाच चार दिवस चालला होता आणि नटीची टाच फुटून बूट भिजला, तरी ती हसतेय. आणि बुटांचा टकटक आवाज? तो नंतरचा. दोन माणसं बंद खोलीत पिक्चर बघत लाकडी फळीवर बूट आपटत बसली होती. मला मजा वाटली. फसवणूकच, पण गोड.

दुसऱ्या दिवशी ही पोरगी म्हणाली, आजी, आता खरी गंमत, ही हिरॉईन एक ओळही गायलेली नाही. आवाज दुसऱ्याच बाईचा.

मी म्हटलं, तिचं नाव दाखव. नावं लावली. सुरुवातीलाच असतात ती. एकेक थांबवून वाचून दाखवलं तिने. शिंप्याचं होतं, केस विंचरणाऱ्या बाईचं होतं. कुत्र्याचं होतं, लले. त्या बाईचं नव्हतं.

मी कोपी तशीच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. चैत्राली मागून आली, आजी, व्हॉट हॅपन्ड, ओके ऑर नॉट? मी म्हटलं, काही नाही, वारा घेतेय. तुला मात्र सांगते. तुला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, तू तिथेच होतीस.

तुझ्या रुचिरच्या बायकोचे, शुभदाचे, दिवस भरत आलेत. परवा आमच्याकडे जेवून गेली, माझ्या हातची आमटी तीनदा घेतली. सुखरूप सुटली की कळवेन, जरी तुला माझ्याआधी कळणार असलं तरी.

अक्का


२ फेब्रुवारी २०१४

लले,

नात झाली तुला. अभिनंदन. मी बघून आले. नाक तुझं आहे, बाकी बरी आहे.

पत्राचं उत्तर नाही. बरं. इथे चिनी लोकांचं नवीन वर्ष चाललंय, घोड्याचं. खाली सिंह नाचवतात, ढोल असे की आपला हलगीवाला लाजेल. शेजारच्या चिनी बाईने दोन संत्री दिली, दोनच द्यायची असतात म्हणे. मी तिला बेसनाचे लाडू दिले, तेही दोन. तिने वाजवून पाहिले. असू दे. मी काय सांगत होते?

हां. शुभदा म्हणाली, "मावशी, बारशाला पाळणा तुम्हीच म्हणायचा. मला रेकॉर्ड नको, माणूस पाहिजे." इथे बायकांचं भजन असतं दर बुधवारी, आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मोकळ्या जागेत, तिथे तिने मला ऐकलंय. बारसं तुम्ही दोघं आल्यावर, नऊ मार्चला, रुचिरच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये, तांजोंग पगारला. मी हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की मला माझीच लाज वाटली.

आता तुझ्या पोटात गोळा आला असेल. येऊ दे. माझ्या पोटात सहासष्ट साली विश्वास होता, सातवा महिना, त्याचं तुला काही वाटलं नव्हतं.

आठवत नसेल तर सांगते. कराडचं घर. तुला चार स्थळांनी नाकारलेलं. बाबांचं दुखणं. मिरजेचे पाहुणे आले, त्यांची एकच अट, आमच्या घरी तंबोरा आहे, सून गाणारी हवी. तुला गाण्याचं अंगच नाही, तुझी आरती ऐकून भटजी घाई करायचे. तर बाबा म्हणाले, मुलगी फार लाजाळू आहे, माजघरातून म्हणेल. पाहुण्यांना ते घरंदाज वाटलं. तू पोहे देऊन आत आलीस आणि धान्याच्या कणगीला टेकून उभी राहिलीस. मी पाटावर बसले, पोट सावरत, आणि गायले. मग तू कपबशा उचलायला बाहेर गेलीस, मान खाली घालून, आणि पद्माकररावांनी जागेवर होकार दिला.

त्या संध्याकाळी तू माझ्या पोटावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीस. कुणाला सांगणार नाहीस, ह्या लेकराची शपथ. मी घेतली. आणि पाळली. माझ्या नवऱ्याला नाही सांगितलं, शिवदासरावांना, मरेपर्यंत. विश्वासला साधा ताप आला तरी मला वाटायचं, मी झोपेत तर काही बोलले नाही ना.

आणि तू काय केलंस? सासरी पाऊल टाकताच सांगितलंस, बाबांच्या दुखण्यासाठी नवस बोललेय, गाणं कायमचं सोडलं. काय डोकं गं तुझं! बाबा बरे झाले आणि तू देवी झालीस. मिरजेच्या बायका कराडला लग्नाकार्यात भेटल्या की मला सांगायच्या, तुमच्या ललिताताईंचा केवढा त्याग, असा गळा आणि वडिलांसाठी सोडला. मी म्हणायचे, हो बाई, केवढा.

त्या पिक्चरवालीकडूनही कागदावर सही घेतली होती, चैत्रालीला सापडलंय. मी गायले असं कुठे बोलणार नाही म्हणून. एडना तिचं नाव. शेवटी सापडलं. मी दोनदा म्हणून पाहिलं.

अक्का


२३ फेब्रुवारी २०१४

ललिताबाई,

काल रुचिरचा फोन आला. बिचारा चाचरत होता. "मावशी, आई म्हणतेय तुम्हाला दम लागतो, तर पाळणा तुम्ही म्हणू नका. आपण यूट्यूबवर लावू."

मला दम लागतो! मी रोज सकाळी तोआ पायोहच्या बाजारातून भोपळा उचलून आणते, अख्खा. दम तुला लागलाय, आणि का लागलाय ते मला माहीत आहे. पद्माकरराव समोर बसणार, मी तोंड उघडणार, आणि त्यांना कळणार की हा आवाज आपण ऐकलाय. म्हणून तू मला मिरजेच्या घरी कधी बोलावलं नाहीस. एकदाही नाही. तुझ्या वास्तुशांतीला नाही, रुचिरच्या मुंजीला नाही. सख्खी बहीण असून मी तुझं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही, लले. तुझ्या घरी तंबोरा कुठल्या भिंतीला टेकवलेला असतो ते मला माहीत नाही.

आणि तुझ्या घरी नाही तर नाही. विश्वासचं लग्न तरी माझं होतं ना? माझा मुलगा, माझा मांडव. मंगलाष्टकं म्हणायला मी उभी राहिले, अक्षता हातात, पहिला शब्द ओठांवर, आणि तू मागून माझा पदर ओढलास. पद्माकरराव दुसऱ्या रांगेत होते. मी बसले. माझ्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नात मी मुकी बसले आणि भटजींनी नाकातून उरकलं. त्या दिवसानंतर आपण भेटलो नाही. लोकांना वाटतं मानपानावरून बिनसलं. वाटू दे.

आता यूट्यूब. म्हणजे कुठल्या तरी बाईचा आवाज डबीतून काढणार, पण घरात बसलेल्या बाईने तोंड बंद ठेवायचं. त्या पिक्चरवाल्यांनी निदान गाणारीला गायला तरी लावलं होतं.

एडनाचं पुढचं सांगते. पिक्चर लागला तेव्हा तिला बोलावणं नव्हतं. ती स्वतःचं तिकीट काढून गेली, गाण्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर शेजारचा माणूस तिला म्हणाला, काय गळा आहे नाही त्या नटीचा? ती हो म्हणाली. चैत्राली हे वाचून दाखवताना हसत होती आणि मी तिच्यावर खेकसले. पोरगी दचकली. मग म्हणाली, "आजी, तू कुणावर चिडलीयेस? शी डाइड ऑलरेडी लाह." मी म्हटलं, मी अजून मेलेली नाही.

आता एक कबूल करते, रागात आहे तोवरच करते. पाहुण्यांनी एकच गाणं मागितलं होतं. ते झाल्यावर बाहेर सगळे गप्प झाले. ती शांतता मला दाराच्या फटीतून ऐकू आली. तू मला खुणेने बस म्हणत होतीस. आणि मी दुसरं सुरू केलं, कुणी न सांगता, वरच्या पट्टीत. तुझ्यासाठी नव्हतं ते. मला आवडलं होतं. सासरी कोणी ऐकत नव्हतं, माहेरी कोणी ऐकलं नव्हतं, आणि तिथे पाच पुरुष पोह्यांच्या ताटल्या हातात धरून बसले होते. एका गाण्यात होकार आलाही असता. दुसऱ्याने मी तुला अडकवलं, असा आवाज मागे ठेवला की तुला जन्मभर लपवावा लागला. तेवढा गुन्हा माझा.

बाकीचा तुझा. पाळणा मी म्हणणार. सांगणार नाही अशी शपथ घेतली होती, गाणार नाही अशी नाही.

अक्का


१० मार्च २०१४, सोमवार

लले,

तू इथून सात-आठ स्टेशनांवर आहेस आणि मी पत्र लिहितेय. काल समोरासमोर होतो तर तू मला साडीची किंमत विचारलीस. म्हणून पत्र. चैत्राली तुझ्या हातात आणून देईल, ती उभी असताना उघडू नकोस.

तू काल सगळ्यांसमोर म्हणालीस, अक्काचा घसा बसलाय. मी समोर उभी, पेढा खात. शुभदाचा चेहरा पडला. पण सासूपुढे काय बोलेल? रुचिरने ते यंत्र लावलं, गोल डब्यासारखं, त्यातून बाई गायला लागली. गोड गात होती, खोटं का बोलू. दोन कडवी झाली आणि मधेच जाहिरात लागली, केस गळतीवरच्या तेलाची. रुचिर बटण शोधतोय, बाळ किंचाळतंय, पाळण्याची दोरी शुभदाच्या हातात तशीच थांबलेली, बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. आणि तिसरं कडवं कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. बारशात पाळणा अर्धा सोडतात का?

तू हात पुढे केलास ते मी पाहिलं. मी अंग चोरून बाजूला झाले. ह्या वेळी पदर खोचला होता.

कशी गायले ते तुला ठाऊक आहे. बाळ गप्प झालं. ढोल ऐकून न उठणारी आमची चिनी शेजारीण, तिला मीच आणलं होतं, ती डोळे पुसत होती, एक शब्द कळत नसून. मी पद्माकररावांकडे पाहिलं नाही. तुझ्याकडे पाहिलं. तू पांढरी पडली होतीस.

जेवणं झाल्यावर तू आत बाळंतिणीपाशी गेलीस तेव्हा ते माझ्याजवळ आले. खाली त्या पोहायच्या तळ्याकाठी खुर्च्या आहेत, तिथे मी पाय सोडून बसले होते. काठी टेकत आले, बसले, आणि म्हणाले, "अक्का, तेव्हाचं दुसरं गाणंही तुम्ही असंच चढवलं होतंत."

 मला आधी विश्वास आठवला, शपथ त्याचीच होती. तो समोरच ताट धरून उभा होता, धडधाकट, जिलेबी खात, त्याला साखर असून. मी विचारलं, कधी कळलं?

"लग्नाच्या चौथ्या दिवशी. भांडी विसळताना गुणगुणत होती." आणि हसले गं ते. प्रेमाने हसले. म्हणाले, इतकी बेसूर होती की मला दया आली. तिने नवसाचं सांगितलं तेव्हाच ठरवलं, तिला कधी तोंडघशी पाडायचं नाही. आईला, बहिणींना, कुणाला बोललो नाही. आता हे तिला सांगू नका, ह्या वयात तिला सोसायचं नाही.

सज्जन माणूस. अशी माणसं मिळत नाहीत. मी म्हटलं, "आणि माझं काय?"

 ते म्हणाले, "तुमचा विचार कधी केलाच नाही, अक्का."

खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहिते. सांगू नका ह्याला मी हो म्हटलं नाही, एवढं माझ्या बाजूने. एकदा हो म्हणून अठ्ठेचाळीस वर्षं फेडलंय, पुन्हा नाही.

हिशोब कर लले. बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, तुला, मला. आणि ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाही. फसलेलं कोणी नव्हतंच. मग मी कुणासाठी गप्प बसले? तुला वाटलं मी तुझा संसार मोडेन. त्यांना वाटलं आपण बायकोला सांभाळतोय. दोघं एकमेकांना जपत राहिलात, इतक्या मायेने, आणि मधे मी बसले होते कणगीपाशी. मला कोणी उठ म्हटलं नाही.

घरी येऊन मी चैत्रालीला म्हटलं, तुझ्या त्या अभ्यासात एडनाचं नाव सगळ्यात वर लिही, नाचाच्या वर, चादरींच्या वर. ती म्हणाली, कॅन, आजी, कॅन, इथे हो ला असंच म्हणतात. मग हळूच विचारलं, आज त्या मिरजेच्या आजी तुला बघून रडत का होत्या? मी म्हटलं, त्यांनाच विचार.

तुम्ही शुक्रवारी जाणार. बुधवारी चार वाजता आमचं भजन आहे, ब्लॉकच्या खाली, पंख्याजवळ. चैत्राली तुला वाट दाखवेल. पद्माकररावांना घेऊन ये, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यांच्या गुडघ्याला बऱ्या. मी सगळ्या बायकांना सांगेन, ही माझी धाकटी बहीण ललिता. पुढचं वाक्य तू बोलायचंस. माझ्या तोंडून येणार नाही, तुझ्या तोंडून आलं तर ऐकेन, आणि नवरा शेजारी असताना आलं तर तो तुझा हात धरेल, सोडणार नाही, हे मी काल पाहून घेतलंय. घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही गं. सगळं लपवून झालंय.

नाही आलीस तरी राग येईल, आलीस तरी येईल. तो इतक्यात जायचा नाही. पण ये.

चारला म्हणजे चारला. तुझी वाट बघत मी गाणं थांबवणार नाही.

अक्का